धिंगाणा, हैदोस, पुंडाई: दंग्याधोप्याच्या जुन्या मराठी शब्दांबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हे पान लिहिणाऱ्यांसाठी, भाषांतर करणाऱ्यांसाठी, शिक्षकांसाठी आणि शब्दाचं मूळ सापडेपर्यंत चैन न पडणाऱ्या सगळ्यांसाठी आहे. दंगा, आरडाओरडा, दांडगाई, उर्मटपणा यांसाठी मराठीत शब्दांची कमी नाही. पण हे सगळे एकाच गोणीत भरून कुठलाही कुठेही वापरला जातो, आणि मग त्यातली धार जाते. या शब्दांची कुळं मुख्यतः दोन: एक देवळासमोरच्या अंगणातलं, दुसरं मोडकळीला आलेल्या राज्यातलं. कुठला शब्द कुठल्या कुळातला हे कळलं, की तो कुठे बसतो हेही बहुतेक वेळा आपोआप कळतं.

गोंधळ हा देवीचा विधी. मग त्याचा अर्थ ‘घोटाळा’ कसा झाला?

आधी विधी डोळ्यांसमोर आणा. लग्नकार्य झाल्यावर किंवा नवस फेडताना रात्री गोंधळ मांडतात. चौरंगावर नवा खण, त्यावर धान्याचा चौक, मध्ये कलश, नारळ, विड्याची पानं. शेजारी तेलावर पेटती दिवटी. गोंधळ्यांपैकी एकाच्या कमरेला संबळ, म्हणजे जोडीनं बांधलेली दोन चर्मवाद्यं, काठ्यांनी वाजवायची. दुसऱ्याकडे एका तारेचं तुणतुणं, तिसऱ्याकडे झांज. सुरुवातीला आवाहन होतं. तुळजापूरची भवानी गोंधळाला ये, कोल्हापूरची अंबाबाई गोंधळाला ये, जेजुरीच्या खंडेराया गोंधळाला ये, असं करत गावोगावच्या देवतांना नावानं हाका घालतात. मागून ‘उदो उदो’चा गजर. नंतर गणगौळण, आख्यान, मध्येच सोंगाड्याचे प्रश्न. हे सगळं पहाटेपर्यंत चालतं.

आता शेजारच्या आळीत झोपायचा प्रयत्न करणाऱ्याच्या कानावर यातलं काय पडत असेल ते बघा. संबळ, झांज, हाका, आणि सगळ्यांचा मिळून आवाज. शब्द वेगळे ऐकू येत नाहीत. ‘कशाचा कशाला मेळ नाही’ हा अर्थ तिथून आला. विधी करणाऱ्यांनी तो दिलेला नाही, लांबून ऐकणाऱ्यांनी दिला आहे. १८५७ च्या मोल्सवर्थच्या मराठी-इंग्रजी कोशात विधी आणि गडबड हे दोन्ही अर्थ शेजारी शेजारी दिलेले आहेत, म्हणजे तेव्हा दोन्ही रुळलेले होते.

वापरताना क्रियापद जपा. ‘गोंधळ मांडणे’ म्हणजे फक्त विधी. ‘गोंधळ घालणे’ म्हणजे विधीही आणि दंगाही, संदर्भ बघून ठरतं. ‘गोंधळ करणे’ म्हणजे कामाचा विचका. ‘गोंधळ उडणे’ म्हणजे काही न सुचणे. ‘घरी गोंधळ केला’ असं विधीबद्दल लिहिलं, तर वाचणारा भलतंच समजेल.

‘शिमगा करणे’ आणि ‘बोंब मारणे’ यांचा होळीशी नेमका संबंध काय?

शिमगा हे होळीच्या सणाचंच नाव. प्राकृतात फाल्गुनोत्सवाला ‘सुगिम्हअ’ म्हणत, हेमचंद्राच्या ‘देशीनाममाला’ या जुन्या प्राकृत शब्दकोशात तो शब्द आहे. संस्कृत ‘सुग्रीष्मक’ हे त्याचं मूळ. पुढे ‘गि’ आणि ‘म’ची अदलाबदल झाली आणि आपला शिमगा तयार झाला. गोव्यात तोच ‘शिगमो’. तिथे ‘ग’ आधी आणि ‘म’ नंतर, म्हणजे जुन्या क्रमाच्या जास्त जवळ. मराठी आणि कोकणी रूपं शेजारी ठेवली की अदलाबदल कुठे झाली ते स्पष्ट दिसतं.

होळी पेटल्यावर तोंडावर हाताची मागची बाजू आपटत लांब आवाज काढतात, ती बोंब. हा आवाजावरून आलेला शब्द आहे, त्यामागे संस्कृत धातू शोधत बसू नका. या दिवशी एरवी उच्चारता न येणारे शब्द मोठ्यानं उच्चारायला मुभा असे. म्हणून ‘त्यानं भर चौकात शिमगा केला’ याचा अर्थ नुसता दंगा नव्हे, तर चारचौघांत शिव्या देत केलेला तमाशा. यात तोंड चालायलाच हवं. मुलांनी उशा फेकून मारल्या, तर तो धिंगाणा, शिमगा नव्हे.

‘एखाद्याच्या नावानं शिमगा’ म्हणजे त्याच्या नावानं ओरड. आणि ‘शिमगा गेला तरी कवित्व उरतं’ यातलं कवित्व म्हणजे सणात रचलेली टवाळीची, अश्लील चालीची गाणी. सण संपला तरी ती ओठांवर राहत. भांडण मिटल्यावरही चालू राहणाऱ्या टोमण्यांसाठी ही म्हण आजही चपखल आहे.

हैदोस कुठून आला?

मोहरमातून. ताबुतांच्या मिरवणुकीत ‘हाय दोस्त, दूल्हा’ असा घोष होई. त्यातला दूल्हा म्हणजे करबलाच्या लढाईत मारला गेलेला हसनपुत्र कासिम. त्याचं लग्न रणभूमीवरच लागलं अशी परंपरा सांगते. मराठी कानानं या घोषाचा ‘हैदोसदुल्ला’ केला, काही ठिकाणी ‘हैदोसधुल्ला’, आणि शेपूट गळून ‘हैदोस’ उरला. म्हणजे मुळात ही शोकाची आरोळी आहे. इथेही गोंधळासारखंच झालं: आत असलेल्याचा शोक, बाहेरच्याला ऐकू आला तो फक्त कल्लोळ.

ही आरोळी मराठी घराघरांत ओळखीची कशी होती, असा प्रश्न पडतो. पुण्यात आणि इतर शहरांत एकोणिसाव्या शतकाच्या शेवटापर्यंत हिंदूही मोठ्या संख्येनं ताबुतांत भाग घेत, नवस बोलत, ढोल वाजवत. ऑगस्ट १८९३ मध्ये मुंबईत दंगल झाली, त्याच सुमाराला सार्वजनिक गणेशोत्सव उभा राहिला, आणि तो सहभाग आटत गेला. शब्द मात्र राहिला, मूळ विसरून.

अर्थाची छटा लक्षात घ्या. हैदोस म्हणजे नासधूस करणारा दंगा. माकडांनी परसबागेत घातला, डुकरांनी उसात घातला, तर हैदोस शोभतो. दोन माणसांच्या बाचाबाचीला हैदोस म्हणणं चूक.

धिंगाणा, धांगडधिंगा, धुडगूस, धुमाकूळ यांत फरक आहे का, की सगळे सारखेच?

फरक आहे, आणि तो जपण्यासारखा आहे.

धिंगाणा अंगाचा असतो. उड्या, पळापळ, ढकलाढकली. हिंदीतली ‘धींगामुश्ती’ याच घरातली. गुजरातीत ‘धींगुं’ म्हणजे जाडजूड, दणकट, आणि सौराष्ट्रात ‘धींगाणुं’ म्हणजे चक्क चकमक, तलवारीची लढाई. तिकडच्या लोककथांत धींगाण्यात माणसं धारातीर्थी पडतात. आपल्याकडे तोच शब्द पोरांच्या खोलीत आला आणि मऊ झाला. गुजरातीतून मराठीत भाषांतर करताना इथे हमखास पाय घसरतो. तिथल्या धींगाण्याला ‘धिंगाणा’ लिहिलं, तर वीरकथेचा पोरखेळ होतो. तिथे ‘चकमक’ किंवा ‘झुंज’ लिहा.

धांगडधिंगा ही त्याचीच जोडी, त्यात गाणंबजावणं आणि बेताल नाच यांची भर. वडीलधाऱ्यांनी नव्या नाचगाण्याला नाकं मुरडताना हा शब्द फार वापरला.

धुडगूस जड असतो. त्यात आपटणं, मोडणं येतं, आणि तो घालणारे बहुधा एकाहून जास्त असतात. धुमाकूळ मात्र एकटाही घालू शकतो, आणि तो बराच काळ चालतो. गावाबाहेर बिबट्या आठ दिवस धुमाकूळ घालतो, धुडगूस घालत नाही. पावसाचाही धुमाकूळच.

‘घालणे’, ‘करणे’, ‘माजणे’ यांतलं कुठलं क्रियापद कुठे?

यावर जरा थांबू या, कारण परक्या भाषेतून विचार करून लिहिलेलं मराठी इथेच उघडं पडतं.

घालणे: धिंगाणा, धुडगूस, हैदोस, धुमाकूळ, गोंधळ. आता याच क्रियापदाची दुसरी यादी पाहा: फुगडी घालणे, पिंगा घालणे, प्रदक्षिणा घालणे, रिंगण घालणे. फेर धरून, पुन्हा पुन्हा, पावलांनी करायच्या गोष्टींना मराठीत ‘घालणे’ लागतं. दंग्याच्या ज्या शब्दांत हे क्रियापद आलं, त्यांत अंगाची फिरती हालचाल आहे. हा नियम सरसकट नाही. वाद आणि हुज्जतही घालतात, पण तिथेही तेच ते पुन्हा पुन्हा होतं, हे विसरू नका.

करणे: राडा, शिमगा, पुंडाई, दांडगाई, अरेरावी, आकांडतांडव. या करणाऱ्याच्या मनातून निघालेल्या कृती आहेत. दंगा दोन्हीकडे चालतो, ‘दंगा करू नका’ आणि ‘दंगा घालू नका’.

माजणे: हलकल्लोळ, गदारोळ, बेबंदशाही, अनागोंदी. यात कर्ता नसतो, परिस्थितीच तशी होते. ‘त्यांनी हलकल्लोळ घातला’ हे कानाला खटकतं. हलकल्लोळातला कल्लोळ म्हणजे संस्कृत ‘कल्लोल’, मोठी लाट. लाट कुणी घालत नाही.

बोंबेला तिची स्वतःची क्रियापदं आहेत: मारणे आणि ठोकणे. कामाची बोंब मात्र ‘असते’.

राज्यकारभारातून आलेले शब्द कोणते?

हे दुसरं कूळ. हे शब्द सणातले नाहीत, भीतीतले आहेत.

पुंड म्हणजे सरकारचा वसूल न देता बळावर बसलेला स्थानिक जमीनदार किंवा बंडखोर. जुन्या कागदांत ‘पुंडपाळेगार’ अशी जोडी येते. पाळेगार हा कानडी ‘पाळेयगार’, पाळेय म्हणजे छावणी. दक्षिणेकडच्या या छोट्या गढीदारांना विजयनगरनंतर बराच काळ कुणी पुरतं वेसण घालू शकलं नाही. म्हणून ‘पुंडाई’ हा शब्द लहान मुलाच्या हट्टाला वापरू नका. त्यात सत्तेला न जुमानणं आहे आणि पाठीशी माणसं असणंही आहे.

बेबंद हा फारसी शब्द. बंद नाही तो, बंधन सुटलेला. त्याला ‘शाही’ लागली ती निजामशाही, आदिलशाहीच्या धर्तीवर. सोटेशाहीतला सोटा तर सरळच आहे. झोटिंगशाहीतला झोटिंग हे कोकणातल्या भुतांच्या यादीतलं एक भूत. वेताळ, खवीस, देवचार, मुंजा यांच्या पंगतीतलं, मानगुटीला बसलं की न सोडणारं. म्हणून झोटिंगशाही म्हणजे नुसती जबरदस्ती नव्हे, तर ज्याच्याशी बोलून उपयोग नाही अशी जबरदस्ती.

मोगलाईबद्दल नेहमी गैरसमज होतो. ‘ही काय मोगलाई लागून गेली?’ यातली मोगलाई म्हणजे दिल्लीचा दरबार नाही. मराठी बोलण्यात मोगलाई म्हणजे निजामाचा मुलूख. निजाम मुळात मोगलांचा दख्खनचा सुभेदार, १७२४ पासून तो जवळजवळ स्वतंत्र झाला, तरी त्याच्या मुलखाचं नाव मोगलाईच राहिलं. मराठवाडा १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत त्यात होता. अनेक गावांवर मराठ्यांचा चौथ-सरदेशमुखीचा, म्हणजे महसुलातल्या शेकडा पंचवीस आणि दहाचा हक्क आणि निजामाचा अंमल एकाच वेळी चाले. त्याला दुअमल म्हणत. दोन धनी आणि दाद कुणाकडेच नाही, या अनुभवातून ‘मोगलाई’ला अंदाधुंदीचा अर्थ आला.

गारदी म्हणजे युरोपीय पद्धतीची कवायत शिकलेला पायदळ शिपाई, युरोपीय भाषांतल्या ‘गार्ड’वरून. पानिपतावरचा इब्राहिमखान गारदी याच फौजेचा, आणि तो निष्ठेनं लढला. पण ३० ऑगस्ट १७७३ ला शनिवारवाड्यात गारद्यांनी नारायणराव पेशव्यांचा खून केला आणि शब्दाचं नशीब फिरलं. त्यानंतर गारदी म्हणजे पैशासाठी काहीही करणारा हत्यारबंद माणूस.

भाऊगर्दी म्हणजे ‘भाऊंची गर्दी’ का?

नाही. भाऊ म्हणजे सदाशिवरावभाऊ, आणि गर्दी म्हणजे आजची माणसांची दाटी नव्हे. फारसी ‘गर्दी’ म्हणजे फिरणं, उलथापालथ. अठराव्या शतकात उत्तरेत एखाद्याच्या स्वारीनं झालेल्या उलथापालथीला त्याच्या नावाची गर्दी म्हणत: नादिरगर्दी, शाहगर्दी, मरहटागर्दी. १४ जानेवारी १७६१ ला पानिपतावर जे झालं, ती भाऊगर्दी. जुन्या मराठीत ‘गर्दी झाली’ म्हणजे हातघाई झाली, कापाकापी झाली.

पुढे गर्दीचा अर्थ नुसत्या दाटीवर आला आणि भाऊगर्दीही बदलली. निवडणुकीत ‘इच्छुकांची भाऊगर्दी’ लिहिली जाते, त्यात पानिपत कुणाला आठवत नाही. जुना अर्थ एका ठिकाणी मात्र अजून जिवंत आहे. पोलिसांच्या भाषेत ‘गर्दी-मारामारीचा गुन्हा’ म्हणतात, तिथे गर्दी म्हणजे बेकायदा जमाव. भारतीय दंड विधानात त्यासाठी किमान पाच माणसं लागत, १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेतही संख्या तीच आहे.

मवाली हा शब्द मावळ्यांवरून आला, असं म्हणतात. खरं आहे का?

नाही. हे पसरलेलं आहे आणि ते थांबायला हवं, कारण त्यात मावळ्यांचा विनाकारण अपमान होतो.

मावळा हा मावळ या भूभागावरून. ‘मवाली’ अरबीतून फारसी-उर्दूमार्गे आला. अरबीत ‘मौला’ या शब्दाचं ‘मवाली’ हे अनेकवचन: आश्रित, मुक्त केलेले गुलाम, एखाद्या टोळीच्या छत्राखाली आलेले परके. उर्दूत ‘अहाली-मवाली’, बोलण्यात ‘हाली-मवाली’, म्हणजे बड्या माणसाभोवतीचा लवाजमा. बडा माणूस गेला, मागे-पुढे करणारे उरले, आणि काम नसलेला टोळभैरव तो मवाली झाला. उच्चारही वेगळा आहे. ‘मवाली’त पहिला स्वर ऱ्हस्व, ‘मावळी’त दीर्घ, आणि एकीकडे ‘ल’ तर दुसरीकडे ‘ळ’. मराठी माणूस या दोघांत सहजासहजी गल्लत करत नाही, त्यामुळे एकापासून दुसरा निघाला असं मानायला आधारच नाही.

आणि ‘गुंडा’ बस्तरच्या गुंडा धूरवरून?

तेही नाही. गुंडा धूर १९१० च्या बस्तरमधल्या भूमकाल उठावाचे नेते. इंग्रजांनी त्यांच्या नावाची शिवी केली, ही गोष्ट मनाला लागते, म्हणून ती पसरते. पण प्लॅट्सच्या १८८४ च्या उर्दू-हिंदी कोशात ‘गुंडा’ हा शब्द छानछोकी, बाहेरख्याली माणूस या अर्थानं आधीच नोंदलेला आहे. उठावाच्या सव्वीस वर्षं आधी. एवढं एक तपासलं तरी पुरतं: शब्दाची छापील नोंद ज्या घटनेच्या आधीची आहे, त्या घटनेतून तो शब्द निघू शकत नाही.

अरेरावी म्हणजे काय, आणि दादागिरीपेक्षा ती कशी वेगळी?

‘अरेराव’ म्हणजे सगळ्यांना ‘अरे’ म्हणून हाक मारणारा. मराठीत अहो आणि अरे यांच्यामध्ये मोठी दरी आहे. जिथे ‘अहो’ हवं, तिथे ‘अरे’ म्हणणं हाच मूळ गुन्हा, म्हणून अरेरावी मुख्यतः जिभेची. कचेरीत खिडकीमागचा माणूस म्हाताऱ्या अर्जदाराला ‘ए, तिकडे उभा राहा’ म्हणतो, ती अरेरावी. तिथे हात उगारलेला नसतो.

दादागिरीत हात किंवा हाताची भीती असते. दादा म्हणजे थोरला भाऊ, ‘गिरी’ हा फारसी प्रत्यय. मुंबईच्या गिरणगावात वस्तीचा, चाळीचा, आखाड्याचा एक दादा असे. तो भांडणं मिटवी, अडचणीला उभा राही, आणि त्याची किंमतही वसूल करी. शब्दात मान आणि दहशत एकत्र आहेत त्या यामुळेच. एखाद्या कथेतल्या दादाला नुसता खलनायक केलं, तर शब्दाचा अर्धा भाग वाया जातो.

‘आकांडतांडव’ की ‘अकांडतांडव’?

मराठीत आकांडतांडव हेच रूढ आणि बरोबर. मूळ संस्कृत मात्र ‘अकाण्डताण्डव’. अकांड म्हणजे अवेळी, कारण नसताना. शिवाचं तांडव प्रलयाच्या वेळी, आणि हे भलत्याच वेळी. मराठीत तोंडी चालता चालता पहिला स्वर लांबला. बहुतेकांना वाटतं, की ‘आकांत’शी त्याचा संबंध आहे. तसा नाही. म्हणून खऱ्या दुःखानं हंबरडा फोडणाऱ्या माणसाबद्दल हा शब्द लिहू नये. कारण क्षुल्लक असून केलेला थयथयाट एवढ्यासाठीच तो आहे.

धटिंगण, उद्धट, धट यांचं काय?

उद्धट हा ‘उद्धत’पासून. धट म्हणजे दांडगा, सांगून न ऐकणारा. आज ‘धट’ सुटा ऐकू येत नाही, ‘धट्टाकट्टा’ आणि ‘धटिंगण’ यांत तो दडून बसला आहे. सतराव्या शतकात तो सुटा आणि ताठ उभा होता. दासबोधाच्या एकोणिसाव्या दशकातल्या नवव्या समासात समर्थ सांगतात, ‘धटासी आणावा धट, उत्धटासी पाहिजे उत्धट, खटनटासी खटनट, अगत्य करी’. समासाचा विषय राजकारण. म्हणजे धट ही निव्वळ शिवी नव्हती, कामाला येणारा गुण होता. शिवी आणि गुण यांच्या सीमेवरचे असे शब्द मराठीत बरेच आहेत. ‘दांडगा’ही तसाच: दांडगा उत्साह चांगला, दांडगाई वाईट.

मस्ती आणि माज एकच का?

अर्थानं शेजारी, आणि मुळानं लांबचे भाऊ. फारसी ‘मस्त’ म्हणजे धुंद, नशेतला, आणि मदावर आलेला हत्तीही मस्तच. मराठी ‘माजणे’ संस्कृत ‘माद्यति’वरून, प्राकृत ‘मज्जइ’मार्गे आलं. फारसीचा ‘मस्त’ आणि संस्कृतचा ‘मत्त’ एकाच प्राचीन मुळाचे. एक घरातून आला, दुसरा इराणहून फिरून आला, आणि मराठीत दोघे पुन्हा भेटले.

पण आता दोघांचे पाट वेगळे. मस्ती पोरांची, ती कौतुकानंही म्हणतात. माज मोठ्यांचा, पैशाचा किंवा सत्तेचा, आणि तो कौतुकानं कधीच म्हणत नाहीत. ‘मस्तीला आलाय’ म्हटलं की मात्र मस्ती माजाकडे झुकते.

वाह्यात, हुज्जत, कज्जा, बदमाश?

वाह्यात हा ‘वाया जाणे’वरून नाही. अरबी-फारसी ‘वाहियात’, म्हणजे फोल, अर्थहीन गोष्टी. हुज्जत म्हणजे मुळात पुरावा, युक्तिवाद. पोलिसांशी हुज्जत घालणाऱ्याकडे आता पुरावा सोडून सगळं असतं. कज्जा हा अरबी ‘कजिया’, कोर्टातलं प्रकरण, म्हणून भांडकुदळ माणूस ‘कज्जेदलाल’. बदमाश म्हणजे ज्याची ‘मआश’, उपजीविका, वाईट मार्गाची आहे तो.

‘राडा’ हा नवा शब्द आहे का?

शब्द जुना, अर्थ नवा. राडा म्हणजे चिखल, रेंदा. पावसाळ्यात बैलांच्या पायांनी गोठ्यापुढची जमीन तुडवली जाते, पाणी, शेण, माती एक होतात आणि पाय घोट्यापर्यंत रुततो, तो राडा. ‘चिखलराडा’ ग्रामीण बोलीत आजही रोजचा आहे, आणि पाडलेल्या बांधकामाच्या ढिगाला महापालिका ‘राडारोडा’च म्हणते. मारामारीनंतर सगळं असं तुडवलेलं, विस्कटलेलं दिसतं, त्यावरून शहरी बोलीनं हा अर्थ घेतला.

१७७० च्या सुमारास घडणारी गोष्ट लिहायची आहे. कुठले शब्द टाळू?

भांडणाच्या अर्थाचा ‘राडा’, ‘दादागिरी’, ‘टपोरी’, ‘झोटिंगशाही’ हे टाळा. ‘गर्दी’ हातघाईच्या अर्थानं वापरा, पण वाक्यातून अर्थ स्पष्ट होऊ द्या, नाहीतर वाचक बाजारातली दाटी समजेल. ‘गारदी’ १७७३ च्या आधी शिवीसारखा नको. पुंडाई, कज्जा, हुज्जत निर्धास्त चालतील. ‘तमाशा’ही चालेल, कारण फारसीतून तो ‘पाहण्याजोगं दृश्य’ या अर्थी आला होताच.

कुठले शब्द आता वापरूच नयेत?

भामटा, बेरड, रामोशी, पेंढारी, पारधी अशा शब्दांपुढे थांबा. यांतले बरेच शब्द जिवंत समाजांची नावं आहेत. राजपूत भामटा, बेरड आणि रामोशी या समाजांची नोंद महाराष्ट्रात विमुक्त जातींत आहे. १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्यानं आणि त्याच्या पुढच्या सुधारणांनी जन्मावरून माणसं गुन्हेगार ठरवली. तो डाग ३१ ऑगस्ट १९५२ ला कायद्यातून गेला, भाषेतून गेला नाही. ‘कोडगा’ म्हणायचं असताना ‘बेरड’ म्हणणं म्हणजे तो कायदा तोंडी चालू ठेवणं. फसवणाऱ्याला लबाड, लुच्चा, ठकसेन म्हणता येतं, निर्ढावलेल्याला निगरगट्ट म्हणता येतं. पर्याय असताना कुणाच्या घरादाराचं नाव शिवी म्हणून घेण्याचं कारण नाही. जुना उतारा उद्धृत करायचा असेल, तर शब्द तसाच ठेवा आणि शेजारी एका वाक्यात खुलासा करा.

लिहिताना ऱ्हस्व-दीर्घ कुठे चुकतं?

धुडगूस आणि धुमाकूळ यांत. अकारान्त शब्दातला उपान्त्य उकार दीर्घ असतो, म्हणून ‘धुडगूस’, ‘धुमाकूळ’. विभक्ती लागली की तोच ऱ्हस्व होतो: धुडगुसाने, धुमाकुळामुळे. ‘धुडगूसाने’ ही सगळ्यात जास्त दिसणारी चूक. मवालीचं सामान्यरूप ‘मवाल्या’: मवाल्याने, मवाल्यांना. ‘हुल्लडबाज’ हा एकच शब्द, मध्ये जागा सोडू नका. त्यातला ‘बाज’ फारसी, खेळणारा या अर्थाचा.

एखाद्या शब्दाचं मूळ स्वतः कसं शोधायचं?

आधी मोल्सवर्थ, १८५७ ची दुसरी आवृत्ती. शिकागो विद्यापीठाच्या संकेतस्थळावर ती फुकट शोधता येते. तिथे शब्द सापडला, तर तो दीडशे वर्षांहून जुना हे पक्कं, आणि अरबी-फारसी मूळ असेल तर कंसात अक्षर दिलेलं असतं. नंतर दाते-कर्वे यांचा महाराष्ट्र शब्दकोश, तिथे जुन्या लेखनातली उदाहरणं मिळतात. व्युत्पत्तीसाठी कृ. पां. कुलकर्णींचा १९४६ चा व्युत्पत्तिकोश. ज्ञानेश्वरी-महानुभाव काळातला शब्द असेल, तर तुळपुळे आणि फेल्डहाउस यांचा १९९९ चा प्राचीन मराठीचा कोश.

शोधताना शब्दाची दोन-तीन रूपं करून पाहा: हैदोस सापडला नाही तर हायदोस, दूल्हा नाही तर दुल्ला. मग गुजराती, कानडी, हिंदीतली बहीण शोधा. ‘धींगाणुं’सारखी एखादी सापडली, की मराठी शब्दाचा हरवलेला अर्थ हाती लागतो. शेवटी क्रियापद पाहा. आणि ऐकायला फार गोड वाटणारी व्युत्पत्ती, विशेषतः एका माणसाच्या किंवा एका घटनेच्या गोष्टीवर उभी असलेली, तारीख तपासल्याशिवाय पुढे पाठवू नका.